मासा कुठला?

 

दावीद राहबीची गोष्ट आपल्या घराघरांत सांगतात. कोकणात शनवारी घाणा बंद ठेवणारे तेली लोक त्याला भेटले. हे खरंच आपले का, याची परीक्षा घ्यायला त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी एकत्र करून ठेवली आणि रांधायला सांगितली. आपल्या बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. राहबीची खात्री पटली. मासा हातात घेतला की आधी खवले बघायचे, मग पर बघायचे, ही सवय आपल्या रक्तात तेव्हापासून आहे, किंबहुना त्याही आधीपासून आहे.

पण आज आम्ही लिहायला बसलो आहोत ते खवले बघून न कळणाऱ्या एका गोष्टीबद्दल. त्याचं कारण आमच्याच स्वयंपाकघरात घडलं.

दोन वर्षांपूर्वीचं सांगतो. पेसाख नुकताच उलटून गेला होता. आमचे हे रिटायर झाल्यापासून वसंत ऋतूत गळ घेऊन हडसन नदीच्या काठी जातात. त्या दिवसांत स्ट्राइप्ड बास नावाचा मासा समुद्रातून नदीत वर चढतो. अंगावर काळे पट्टे, चांगले मोठे खवले, पर, सगळं शास्त्राप्रमाणे. त्या शुक्रवारी हे हातभर लांबीचा मासा घेऊन आले, चेहरा असा की जणू लग्नाचं आमंत्रण आणलं. आम्ही हिरवा मसाला वाटला, नारळाचं दूध काढलं. नात शब्बाथला यायची होती, तिला सहावा महिना लागला होता. तिला आमच्या हातचं कालवण फार आवडतं.

ती आली, ओट्याकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, हा मासा कुठला?"

"हडसनचा! मी धरला," हे मोठ्या अभिमानाने म्हणाले.

"मग मी नाही खाणार, पापा. डॉक्टरांनी सांगितलंय."

झालं! ह्यांचा पारा चढला. "खवले आहेत, पर आहेत, सकाळी पाण्यात होता. नागावला आम्ही असाच धरून असाच खाल्ला. तुमच्या डॉक्टरला मासळी काय कळते?" नातीच्या डोळ्यांत पाणी. आणि मधे आम्ही, हातात मसाल्याची वाटी.

खरं सांगायचं तर आम्हाला लाज वाटली. जन्मभर नर्सची नोकरी केली, गरोदर बायकांना काय खा, काय खाऊ नका ते सांगितलं. आणि नदीकाठची ती सूचनेची पाटी जाता-येता बघूनही कधी थांबून वाचली नाही. त्या रात्री मासा तसाच राहिला. पुढच्या आठवड्यात आम्ही लायब्ररीत बसलो आणि सगळं नीट वाचून काढलं. ते तुमच्यापुढे ठेवतो.

मुलांनो, आधी चार भावंडांची ओळख करून घ्या. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन. यांना हॅलोजन म्हणतात. ग्रीक भाषेतल्या या शब्दाचा अर्थ मीठ तयार करणारे. शब्बाथला हल्लाच्या तुकड्यावर आपण मीठ टाकतो, त्यात क्लोरीन सोडियमच्या जोडीने गुण्यागोविंदाने राहतो. पण हीच भावंडं कार्बनला चिकटली की वेगळा संसार सुरू होतो. ही जोडी काही वेळा इतकी घट्ट असते की ऊन, पाणी, जंतू कोणालाच ती सहजी मोडता येत नाही.

सगळ्या जोड्या वाईट नसतात, हेही लक्षात ठेवा. आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी थायरॉक्सिन बनवते, त्याच्या प्रत्येक कणात आयोडीनचे चार अणू असतात. त्याच्याशिवाय बाळाचा मेंदू नीट वाढत नाही. ऑपरेशन थिएटरात आम्ही नवीन होतो तेव्हा पेशंटला हॅलोथेन देऊन झोपवत, त्यात फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन तिघंही असत. आणि तोरामध्ये मिष्कानच्या पडद्यांसाठी जो जांभळा रंग सांगितला आहे, अर्गामान, तो समुद्रातल्या शंखाच्या प्राण्यापासून काढत असत असं मानतात. त्या शंखाच्या रंगात ब्रोमीन असतो. १९०९ साली फ्रीडलेंडर नावाच्या शास्त्रज्ञाने १२ हजार शंख फोडून जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळवला आणि हे शोधून काढलं. म्हणजे कार्बन-ब्रोमीनची जोडी माणसाच्या आधी शंखाला जमली होती.

माणसाने मात्र अशा जोड्या कारखान्यात टनावारी केल्या. त्यांपैकी एक म्हणजे पीसीबी. अमेरिकेत १९२९ पासून ते तयार होऊ लागलं. आपण तेली, आपल्याला तेलाची पारख. पीसीबी हेही एक तेलच, पण न जळणारं, वीज न वाहू देणारं आणि वर्षानुवर्षं न बिघडणारं. विजेच्या सामानाला यापेक्षा चांगलं काय हवं? ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, ट्यूबलाइटचा चोक, इमारतींच्या फटीत भरायचा मसाला, सगळीकडे ते गेलं.

हडसनच्या वरच्या अंगाला, न्यूयॉर्क शहरापासून साधारण २०० मैलांवर, फोर्ट एडवर्ड आणि हडसन फॉल्स अशी दोन गावं आहेत. तिथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे कपॅसिटरचे कारखाने होते. सुमारे १९४७ पासून १९७७ पर्यंत या कारखान्यांतून पीसीबी नदीत जात राहिलं. सरकारी पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या अंदाजाने १३ लाख पौंडांपर्यंत. ते पाण्यात विरघळत नाही, तळाच्या गाळात जाऊन बसतं. १९७३ साली फोर्ट एडवर्डचा जुना बंधारा काढला, तेव्हा त्याच्यामागे साचलेला गाळ खाली वाहून गेला.

१९७६ मध्ये वरच्या हडसनमध्ये मासेमारी बंद झाली आणि नदीतल्या स्ट्राइप्ड बासचा धंदाही बंद पडला. काठावरच्या कोळ्यांची पिढ्यान् पिढ्यांची रोजी गेली. त्यांनी नदीत काहीच टाकलं नव्हतं. १९७९ मध्ये देशात पीसीबीच्या उत्पादनावर बंदी आली. १९८४ मध्ये हडसन फॉल्सपासून मॅनहॅटनच्या बॅटरीपर्यंत नदीचा सगळा पट्टा सुपरफंडच्या, म्हणजे देशातल्या सगळ्यांत दूषित जागांच्या यादीत गेला. मग साफ करायचं की गाळ तसाच राहू द्यायचा, यावर वर्षानुवर्षं वाद. अखेर २००९ ते २०१५ या काळात, मधलं एक वर्ष सोडून, फोर्ट एडवर्ड ते ट्रॉय या ४० मैलांच्या टप्प्यात कंपनीने गाळ उपसला. २७ लाख ५० हजार घनयार्ड गाळ आणि त्याबरोबर सुमारे ३ लाख १० हजार पौंड पीसीबी बाहेर निघालं. मोठं काम झालं यात शंका नाही. तरी मासे अजून पुरते स्वच्छ झालेले नाहीत.

आता प्रश्न असा की पाणी नितळ दिसतं, मग माशात एवढं येतं कुठून? गाळातलं पीसीबी किडे-अळ्या खातात, त्यांना छोटे मासे खातात, छोट्यांना मोठे खातात. खाल्लेलं अन्न पचून जातं, पण पीसीबी चरबीत साठून राहतं. प्रत्येक पायरीला साठा वाढतो. सावकाराच्या व्याजासारखं. शेवटच्या पायरीवर आपलं ताट असतं. माणसाच्या शरीरातून ते बाहेर पडायलाही वर्षंच्या वर्षं लागतात.

आणखी एक गंमत. हडसनमधले ईल आणि कॅटफिश फार चरबीचे, तळाशी राहणारे, त्यांच्यात पीसीबीचा साठा मोठा. खेकड्याच्या आतल्या हिरव्या मऊ भागातही तेच. हे तिन्ही आपल्याला वर्ज्यच आहेत! म्हणून आम्ही क्षणभर ह्यांना म्हणालो, "बघा, मोशेने केवढ्या संकटातून वाचवलं." पण लगेच पुढे वाचलं. कार्प हाही चरबीचा, तळाशी चरणारा मासा, आणि त्याला खवले आहेत. स्ट्राइप्ड बासला खवले आहेत, व्हाइट पर्चला खवले आहेत. कोशेर आहे की नाही ते खवले सांगतात. मासा कुठल्या पाण्यात वाढला, ते सांगत नाहीत.

शरीरात जाऊन हे करतं काय? १९६८ साली पश्चिम जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलात चुकून पीसीबी मिसळलं आणि हजाराहून जास्त लोक आजारी पडले. अंगावर काळसर पुटकुळ्या, डोळ्यांना सूज, हातपाय बधिर. काही बाळं काळपट कातडी घेऊन जन्मली. तो फार मोठा डोस होता. आपल्या ताटातला थोडा असतो, त्याने असं लगेच काही दिसत नाही. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीसीबीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातलं. पण नर्स म्हणून आम्हाला जास्त टोचली ती दुसरी गोष्ट. मिशिगन सरोवरातले मासे खाणाऱ्या आयांच्या मुलांना जेकबसन पति-पत्नींनी जन्मापासून तपासलं. १९९६ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की आईच्या पोटात असताना ज्यांना पीसीबी जास्त मिळालं, ती मुलं अकरा वर्षांची झाली तेव्हा बुद्धीच्या चाचणीत आणि वाचनात मागे होती. पीसीबी थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतं आणि पोटातल्या बाळाचा मेंदू त्याच थायरॉइडवर वाढत असतो, हे त्यामागचं एक कारण असावं असं समजतात.

हे वाचल्यावर ह्यांना काही सांगावं लागलं नाही. चष्मा काढून पुसत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "पोरीला मी रडवलं."

मग नातीचा फोन आला, आणि तिचा प्रश्न आमच्यापेक्षा अवघड होता. "आजी, माझ्या अंगातही हे असेल ना? मग बाळाला दूध पाजू की नको?"

आम्ही तिला सांगितलं ते सगळ्या तरुण आयांनी ऐकावं. होय, आईच्या दुधातून पीसीबी जातं, कारण दुधात चरबी असते. पण त्याच जेकबसन यांच्या पाहणीत मागे पडण्याचा संबंध पोटातल्या नऊ महिन्यांशी दिसला, दुधाशी नाही. डॉक्टरांच्या मोठ्या संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना आजही अंगावर पाजायलाच सांगतात. दुधाचे फायदे फार मोठे आहेत. तेव्हा भीतीने दूध तोडू नका. काळजी घ्यायची ती आधी, मुलगी लहान असल्यापासून, कारण साठा वर्षानुवर्षांचा असतो. म्हणूनच सगळ्यांत कडक सूचना मुलांना आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांना असतात.

आम्ही म्हाताऱ्यांनी मात्र एवढं नाक वर करायचं कारण नाही. आपल्या अंगात दुसरी शिदोरी आहे, डीडीटीची. आठवतं का? गावात फवारणीवाले यायचे, पाठीवर पंप. आई मडकी-गाडगी, पिठाचा डबा अंगणात काढून ठेवायची. भिंती पांढुरक्या व्हायच्या, ते लोक भिंतीवर तारीख घालून जायचे आणि आम्ही पोरं त्या वासामागे धावायचो. पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीने किडे मरतात हे शोधलं आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ते उगीच नव्हे. स्वातंत्र्याच्या वेळी हिंदुस्थानात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, सुमारे ८ लाख मरायचे असा अंदाज आहे. १९६५ च्या सुमारास रोगी १ लाखावर आले होते. आपल्यापैकी कितीतरी जण त्या फवाऱ्यामुळे जगले. पुढे आपल्याच कुलाबा जिल्ह्यात, ज्याला आता रायगड म्हणतात, रसायनीला हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात डीडीटी तयार व्हायचं.

पण तेही क्लोरीनचंच लेकरू. चरबीत साठणारं, पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ करणारं. १९६२ मध्ये रेचल कार्सन यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, १९७२ मध्ये अमेरिकेने त्याचा वापर जवळजवळ बंद केला. हिंदुस्थानात १९८९ मध्ये शेतीसाठी बंदी आली, हिवतापासाठी वापर पुढेही चालू राहिला. २००१ मध्ये स्टॉकहोमला डीडीटी, पीसीबी आणि त्यांच्या इतर भावंडांवर जगभराचा करार झाला. हिंदुस्थानने तो २००६ मध्ये मंजूर केला. अमेरिकेने सही केली, मंजुरी मात्र अजून दिलेली नाही.

आणि आता चौथं भावंड, फ्लोरीन. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कोट, आग विझवायचा फेस, यांत लागणाऱ्या द्रव्यांना पीफास म्हणतात. हडसनपासून फार दूर नसलेल्या हूसिक फॉल्स गावात २०१४ मध्ये तिथल्याच एका रहिवाशाने स्वतः पिण्याचं पाणी तपासून घेतलं, तेव्हा त्यात हे सापडलं. अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या रक्तात ते थोडंफार असतं. २०२४ मध्ये ईपीएने त्यांतल्या मुख्य दोघांसाठी पिण्याच्या पाण्यात एक लाख कोटी भागांत ४ भाग अशी मर्यादा घातली. पाणी उकळून ते जात नाही, हे आपल्या उकळून पिणाऱ्या मंडळींनी ध्यानात ठेवावं. त्याला त्यासाठी बनवलेला फिल्टर लागतो.

आता कामाचं बोलू. मासे खाणं सोडा असं आम्ही म्हणत नाही. मासा नसलेलं आपलं घर ते कसलं घर? गरोदर बाईलाही आठवड्यात ८ ते १२ औंस कमी पाऱ्याची मासळी खावी असं सरकारच सांगतं. फक्त पुढचं सांभाळावं.

१. स्वतः धरलेला किंवा शेजाऱ्याने दिलेला मासा असेल तर आधी विचारा, कुठला? राज्याचं आरोग्य खातं नदी, तलाव आणि मासा यांनुसार सूचना काढतं आणि त्या बदलत असतात. त्या वर्षाची बघा. हडसनवर हडसन फॉल्सपासून ट्रॉयच्या धरणापर्यंत धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा असाच नियम आहे.

२. मुलं आणि मूल होण्याच्या वयातल्या बायका यांना सूचना वेगळ्या आणि कडक असतात. एकाच टेबलावर आजोबांना चालेल ते नातीला चालेलच असं नाही.

३. खायला परवानगी असलेला मासा असेल तरी कातडी, पोटाकडची आणि पाठीवरची चरबी, कडेचा काळपट भाग काढून टाका. गाभोळी आणि डोकं नको. जाळीवर भाजा म्हणजे चरबी गळून जाईल. आपल्या कालवणात हीच अडचण आहे, गळलेली चरबी रश्श्यातच राहते आणि आपण तो भाकरीशी ओरपतो.

४. हे पीसीबीचं झालं. पारा मासाच्या गरात असतो, तो साफ करून किंवा भाजून जात नाही. त्यासाठी शार्क, स्वोर्डफिश, किंग मॅकरेल असले मोठे मासे गरोदरपणी टाळावेत.

५. रोश हशानाला टेबलावर माशाचं डोकं लागतं. ते नदीवरच्या माशाचं नको, दुकानातून आणा.

आमच्या घरी काय झालं, ते सांगून पुरं करतो. नातीला मुलगी झाली, गुटगुटीत आहे, आईचंच दूध प्यायली. ह्यांनी गळ सोडला नाही, आम्हीही सोडा म्हटलं नाही. नदीकाठी बसल्याशिवाय त्यांना करमत नाही. पण आता मासा लागला की ते त्याला ओल्या हातांनी धरतात, गळ काढतात आणि परत सोडतात. कालवणाला पापलेट दुकानातून येतं. गेल्या वसंतात पणतीला कडेवर घेऊन गेले होते. मासा पाण्यात गेला तशी ती टाळ्या वाजवू लागली. हे म्हणाले, "ही मोठी होईल तेव्हा कदाचित इथला खाता येईल."

तोवर मुलांनो, आजीने मासा ओट्यावर ठेवला की खवले मोजा, पर बघा, आणि तिसरा प्रश्न विचारायला लाजू नका. आजोबा रागावले तर आमचं नाव सांगा.

शब्बाथ शालोम.